शिळ्या पावाचें पक्वान्न

राजांच्या लढायांचा व तहनाम्यांचा इतिहास विस्तारानें लिहिला जातो. परंतु काल उरलेल्या अन्नाचें आज काय करावें, हा प्रश्न घरोघरच्या गृहिणींनीं कसा सोडविला, याची नोंद क्वचितच सांपडते. शिळा पाव दूध व अंडें यांच्या मिश्रणांत भिजवून, लोण्यातुपांत परतून, वर साखर घालून मुलांमाणसांना वाढण्याची जी चाल आहे, तिच्यांत असा एक अलिखित इतिहास दडलेला आहे. या पदार्थाला आपल्याकडे 'फ्रेंच टोस्ट' किंवा 'बॉम्बे टोस्ट' म्हणतात.

नांवावरून त्याचा जन्म फ्रान्समध्यें झाला असें वाटतें. पण तो त्याहून कितीतरी जुना आहे. आपीशियस या रोमन खवय्याच्या नांवावर चालत आलेल्या लॅटिन पाकग्रंथांत त्याची कृति आहे. उत्तम पांढऱ्या पावाची वरची साल काढावी, मोठे तुकडे करावे, ते दुधांत भिजवून तेलांत तळावे व वर मध ओतावा, एवढीच ती कृति. तींत अंडें नाहीं, आणि पदार्थाला स्वतंत्र नांवही नाहीं. 'आणखी एक गोड प्रकार' इतकाच त्याचा मथळा.

नांवें पुढें मिळालीं, आणि तीं मोठीं बोलकीं आहेत. फ्रेंच लोक त्याला 'पँ पेर्द्यू', म्हणजे 'वायां गेलेला पाव', म्हणतात. जर्मन भाषेंत तो 'आर्मे रिटर', म्हणजे 'गरीब शिलेदार', झाला. हें नांव चौदाव्या शतकांतील पाकग्रंथांत आढळतें. इंग्रजांनीं हीं दोन्ही नांवें उचललीं. स्पेनमधील 'तोर्रिहास' एके काळीं बाळंतिणीला देत. आज ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहांत त्या घरोघरीं होतात. पोर्तुगालमध्यें हाच पदार्थ नाताळांत करतात.

'फ्रेंच टोस्ट' हें नांव रॉबर्ट मे या इंग्रज आचाऱ्याच्या १६६० सालच्या पुस्तकांत आहे. मात्र तेथें भाजलेला पाव मद्यांत भिजवून साखर व नारिंगाचा रस यांसह वाढावयास सांगितला आहे. दूध-अंड्यांचें नांवही नाहीं! १७२४ सालीं फ्रेंच आडनांवाच्या एका खानावळवाल्यानें हा पदार्थ शोधून त्याला स्वतःचें नांव दिलें, अशी अमेरिकेंत एक आख्यायिका आहे. परंतु नांव त्यापूर्वींच छापलें गेलें होतें. तेव्हां ती टिकत नाहीं.

येथें एक शंका उद्भवते. हे जुने पाकग्रंथ बहुतेक श्रीमंतांच्या मुदपाकखान्यांतले. पांढरा पाव व साखर या तेव्हां महागाच्या वस्तु होत्या. मग हें गरिबाचें अन्न कसें? उत्तर असें कीं, गरिबाच्या घरीं ग्रंथ लिहिले जात नव्हते; त्याची साक्ष ग्रंथांत नव्हे, नांवांत राहिली. धन्याच्या आचाऱ्यानें पाकक्रिया लिहून ठेवली, पण 'वायां गेलेला' आणि 'गरीब' हे शब्द टंचाई ओळखणाऱ्या जिभेचे आहेत. पुढें अमेरिकेंतील व वेस्ट इंडीजमधील मळ्यांवर गुलामांच्या श्रमानें पिकलेली साखर युरोपांत स्वस्त झाली, आणि हें गोड सामान्यांच्या आवांक्यांत आलें. त्या गोडीची किंमत कोणी मोजली, हेंही विसरतां येत नाहीं.

या पदार्थांत शिळेपणा हा दोष नसून गुण आहे. ताजा मऊ पाव दुधांत लगेच विरघळतो. सुकलेला पाव दूध शोषूनही आकार सोडीत नाहीं. अंडें उष्णतेनें घट्ट होऊन त्याला बांधून ठेवतें. आपल्याकडे शिळी पोळी कुस्करून, गूळतूप घालून तिचा लाडू वळतात, त्यामागील शहाणपण हेंच. एकीचें दुसरीला ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तरी रोममधील, पॅरिसमधील आणि पुण्यातील स्वयंपाकघरें एकाच निर्णयाला आलीं. अन्न टाकावयाचें नाहीं, आणि तें मुलांपुढें ठेवावयाचें तर गोड करून ठेवावयाचें.