कालिकतची कोंबडी

गणेशोत्सवातल्या सामान्यज्ञान स्पर्धेचा परीक्षक व्हायला सामान्यज्ञान लागत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. आमच्या सोसायटीत चष्मा आणि वेळेवर भरलेली वर्गणी एवढ्या भांडवलावर ते पद मिळते. प्रश्नही स्वतः काढावे लागत नाहीत. कार्यवाह एक पुस्तक हातात देतात, त्याच्या मागच्या पानांवर उत्तरे असतात. आपण फक्त आवाज गंभीर काढायचा.

तसा मी तो काढला आणि विचारले, ''टर्की हा पक्षी मूळचा कोणत्या देशातला?''

सहावीतली एक मुलगी ताडकन उठून म्हणाली, ''मेक्सिको!''

मी पुस्तकाचे मागचे पान पाहिले. तिथे 'तुर्कस्तान' असे स्पष्ट छापले होते. मग लहान मुलांसाठी मोठी माणसे जे हसू राखून ठेवतात ते हसून मी म्हटले, ''बाळ, अगं नावातच उत्तर आहे की!'' मंडप हसला. मुलीचे दोन गुण गेले आणि त्या दोन गुणांपायी पहिल्या बक्षिसाचा तीन पुडांचा डबा अध्यक्षांच्या भाच्याकडे गेला. मुलगी रडली असती तर बरे झाले असते. चॉकलेट देऊन प्रकरण मिटवता आले असते. ती फक्त म्हणाली, ''पण काका, ते मेक्सिकोच आहे.''

तो 'पण' मला रात्री झोपू देईना. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालय गाठले आणि दोन तासांत माझा पुरता मोरू झाला.

मुलगी बरोबर होती. मेक्सिकोतल्या लोकांनी हा पक्षी दोनेक हजार वर्षांपूर्वीच माणसाळवला होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तिथे आधीच आफ्रिकेतली एक ठिपक्याठिपक्यांची कोंबडी, म्हणजे गिनी फाउल, तुर्की व्यापाऱ्यांच्या हातून येत होती आणि इंग्रज तिला 'टर्की' म्हणत. नवा पाहुणा आला तेव्हा त्यांनी दोघांची गल्लत केली. पुढे खऱ्या मालकिणीचे नाव गेले आणि पाहुण्याला ते कायमचे चिकटले. भाडेकरूच्या नावावर खोली चढावी तसे! बरे, हा घोळ इंग्रजांपुरताच म्हणावा, तर 1758 मध्ये लिनियससारख्या पंडिताने शास्त्रीय नाव ठेवताना 'मेलिआग्रिस' हा शब्द घेतला. आणि ग्रीकांनी तो वापरला होता तो त्याच आफ्रिकन कोंबडीसाठी. मला जरा धीर आला. चुकणाऱ्यांच्या पंगतीत निदान पान तरी चांगल्या माणसाशेजारी होते.

पण खरी गंमत पुढेच आहे. इंग्रज ज्याला तुर्कस्तानचा समजले त्या पक्ष्याला खुद्द तुर्कस्तानात काय म्हणतात? 'हिंदी'! म्हणजे हिंदुस्थानचा. फ्रेंच त्याला 'दँद' म्हणतात, त्याचाही अर्थ 'हिंदुस्थानातला' असाच. रशियन आणि पोलिश नावांतही इंडियाच आहे. कोलंबस अमेरिकेलाच इंडिया समजून बसला, त्याचे हे सगळे उपद्व्याप. डच मात्र नेमके बोलणारे लोक. नुसता हिंदुस्थान कसला, गावाचे नाव सांगा! त्यांनी 'कालकून' म्हटले, म्हणजे कालिकतची कोंबडी. मलायात हेच डच पोचले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्या पक्ष्याला 'डच कोंबडी' करून टाकले. ग्रीक तिला फ्रेंच ठरवतात आणि इजिप्तमध्ये तो 'रूमी' कोंबडा आहे. एकूण काय, पाहुणा शेजारच्याकडचा, यावर जगाचे एकमत आहे. 2022 मध्ये तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रसंघात आपले नाव 'तुर्किये' करून घेतले, त्यामागे पक्ष्याशी होणारी गल्लत हेही एक कारण सांगितले गेले.

मग हिंदुस्थानात हा 'हिंदी' पक्षी आला तरी कधी? आला, आणि तोही आमच्या गोव्यातून! 1612 मध्ये मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्यातून काही दुर्मीळ वस्तू जहांगीर बादशहासाठी आणल्या, त्यात हे ध्यान होते. बादशहा थक्क झाला. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. डोके आणि मान घडीघडीला रंग बदलणार, कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी. आणि चोचीवर सोंडेसारखे काहीतरी लोंबतेय! हे सगळे त्याने आपल्या आठवणींत बारकाईने लिहून ठेवले. पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली पण चित्रे काढवली नाहीत, ही उणीव भरून काढायला त्याने चित्रे काढवली. मन्सूरने काढलेला तो टर्की लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पण मला आवडला तो एवढ्या मोठ्या बादशहाचा कबुलीजबाब. या पक्ष्याचे नाव कुणालाच माहीत नाही, असे तो सरळ लिहून मोकळा होतो. त्याच्या हातात मागे उत्तरे छापलेले पुस्तक नव्हते.

ज्या पोर्तुगीजांकडून तो पक्षी आला, ते त्याला 'पेरू' म्हणतात. आपला पेरू मात्र झाडाला लागतो. तोही अमेरिकेतलाच, पण नाव त्यांच्या 'पेरा' या नासपतीवरून पडले, असे मानतात. म्हणजे आपणही काही कमी नाही.

संध्याकाळी मी नवाकोरा तीन पुडांचा डबा घेतला आणि तळमजल्यावर त्या मुलीच्या घराची बेल वाजवली. सगळी हकिकत सांगितली. तिची आजी म्हणाली, ''अहो, एवढं काय त्यात? पोरखेळच तो.'' मुलीला ते पटलेले दिसले नाही. मलाही नव्हते.

''मग काका, पुस्तकातलं उत्तर तुम्ही खोडलंत का?''

खोडले नव्हते. पुस्तक कार्यवाहांकडे होते. मी तसाच तिसऱ्या मजल्यावर गेलो, पेन मागून घेतले आणि खोडून आलो. तोवर ती जिन्यात उभी होती.

''आता मंडपात सांगाल ना? हसले होते सगळे.''

विसर्जनाच्या आधीच्या आरतीला, प्रसाद वाटण्यापूर्वी, मी ध्वनिक्षेपक हातात घेतला.