पांजरापोळीतून घराकडे

नामपूरच्या बाजाराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मोसम नदीच्या दोन्ही काठांवरच्या खेड्यांतून माणसे येतात, कांद्याने भरलेले ट्रॅक्टर रांगेला लागतात, भज्यांच्या कढया तापतात. आणि त्या कढयांच्या मागे, धुराच्या आडोशाला, दोन-चार कुत्री पाय पसरून पडलेली असतात. ही कुत्री कोणाची, असे कोणी विचारले, तर भजीवाला सांगेल, "कोणाची म्हणजे? गावाची." या उत्तरात आपल्याकडचा फार जुना कायदा आहे. तो कोणी कागदावर लिहिला नाही. चार घरची भाकरी खायची आणि रात्री गल्ली राखायची, असा तो करार. खंडोबाच्या नावाने भंडारा उधळणारा आणि दत्ताच्या तसबिरीला हात जोडणारा माणूस कुत्र्याला अगदीच परके मानू शकत नव्हता. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली त्याने लहानपणापासून पाहिलेली.

पण हे "गावाची" म्हणणे गाव लहान असते तोवरच चालते. गावाचे शहर झाले की कुत्र्याला ओळखणारे कोणी उरत नाही, आणि मग सरकारला प्रश्न पडतो की या जनावरांचे करायचे काय. मुंबईला हा प्रश्न १८३२ साली पडला, आणि तो मोठा गाजला.

तेव्हा मुंबईत कंपनी सरकारचा अंमल होता. भटकी कुत्री वर्षाच्या ठराविक दिवसांत मारावीत असा नियम होता. १८३२ च्या उन्हाळ्यात ही मुदत वाढवली, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. आता आठ आणे म्हणजे त्या काळी काही थोडी रक्कम नव्हे. पैशाच्या लोभाने शिपाई भटके कुत्रे आणि पाळलेले कुत्रे असा भेद करीनासे झाले. लोकांच्या घरांत शिरून कुत्री ओढून नेऊ लागले. ६ जून हा पारशांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस मेला की त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी, असा त्यांचा विधीच आहे. त्या दिवशी कोटाच्या भागात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव तुटून पडला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापारीही उतरले. कुलाब्याच्या छावणीतल्या गोऱ्या सैनिकांकडे जाणारा पाव, मांस आणि पाणी लोकांनी अडवले. शेवटी फौज बाहेर काढावी लागली, धरपकड झाली, खटले झाले.

शाळेच्या पुस्तकांत या दंगलीला जागा मिळत नाही. कदाचित "कुत्र्यांवरून दंगल" हे ऐकायला हास्यास्पद वाटत असेल. मला तसे वाटत नाही. १८५७ च्या पंचवीस वर्षे आधी एका शहरातल्या वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी सरकारला सांगितले, की आमच्या उंबऱ्याच्या आत काय असावे हे तुम्ही ठरवू नका. निमित्त कुत्र्याचे होते एवढेच.

दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ निघाली. भुलेश्वर भागात ती आजही आहे. तिथे आता मुख्यतः गाईगुरे दिसतात, पण तिच्या जन्माला कारण झाली ती कुत्री, हे विसरू नये. नाव गुजराती वळणाचे आहे. पोळ म्हणजे दरवाजा असलेली वस्ती, आणि अलीकडे पिंजरा. कल्पना मात्र नवी नव्हती. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने सुरतेजवळचे जनावरांचे इस्पितळ पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लागा बसवायचा आणि त्यातून चारापाणी चालवायचे, ही रीत. पुढे गावोगावी अशा संस्था झाल्या. आपल्या जिल्ह्यात नाशिकला पंचवटी पांजरापोळ १८७८ साली स्थापन झाली.

आता जरा थांबून या पांजरापोळीचा दरवाजा पाहू या. तो आत उघडणारा दरवाजा होता. म्हातारा बैल, लंगडी गाय, खरूज झालेले कुत्रे आत यायचे, आणि मरेपर्यंत तिथेच राहायचे. धर्मबुद्धीला हे पुरेसे होते: जीव मारायचा नाही, त्याला अन्न द्यायचे, पुढे देवाची इच्छा. यात करुणा होती यात शंका नाही, पण जागा अपुरी पडे, गर्दी होई, आणि धडधाकट जनावरसुद्धा तिथे नुसते दिवस मोजत बसे. जनावराला पुन्हा एखादे घर मिळावे, हा विचार त्या व्यवस्थेच्या मुळाशी नव्हता.

तो विचार दुसरीकडे संस्थेच्या रूपाने आधी दिसतो. १८६० साली लंडनमध्ये मेरी टील्बी नावाच्या बाईंनी हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी एक तात्पुरते घर काढले. ते पुढे १८७१ साली बॅटरसी या भागात गेले आणि त्याच नावाने प्रसिद्ध झाले. वर्तमानपत्रांनी टील्बीबाईंची टर उडवली. माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे कौतुक कसले, असा सूर होता. त्या संस्थेच्या नावातला "तात्पुरते" हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. कुत्रे आले की आधी त्याचा मालक शोधायचा. तो न मिळाला तर दुसरे घर पाहायचे. सगळ्यांना घर मिळे असे मात्र नाही. ज्यांना कोणी नेत नसे, त्यांना मारूनही टाकीत. म्हणजे आपल्याकडे जीव राखला पण घर दिले नाही. तिकडे घर देण्याची खटपट केली, पण जीव राखण्याचा नेम नव्हता. या दोन्ही गोष्टी एकत्र आणायला पुढे फार वर्षे लागली.

आपल्याकडे १८७४ साली मुंबईत प्राण्यांना होणाऱ्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली, आणि पेटिट घराण्याच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ झाले. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांना मारण्याची नगरपालिकांची पद्धत त्यानंतरही कितीतरी वर्षे चालूच होती. २००१ साली केंद्राने नियम केले, की कुत्रे पकडावे, त्याची नसबंदी करावी, लस टोचावी आणि जिथून उचलले तिथेच सोडावे. २०२३ साली हे नियम नव्याने लिहिले गेले.

या सगळ्या कायद्यांपेक्षा मुंबईच्या पोलीस कुत्र्यांची हकीकत खेड्यातल्या माणसाला लवकर पटेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या चार लॅब्रेडॉर कुत्र्यांनी बाँब शोधण्याचे काम केले. गोळीबार झालेल्या जागी माणसाने पाऊल टाकण्याआधी कुत्र्याने नाक लावायचे, असे ते काम. सीझरने मुंबईच्या मोठ्या रेल्वे स्थानकावर हातबाँब शोधून काढले. पोलिसांच्या कुत्र्याचे सारे आयुष्य शिस्तीत जाते. ठरलेल्या वेळी उठणे, ठरलेले खाणे, गळ्यात साखळी, हुकमावर बसणे आणि हुकमावर उठणे. म्हातारपणी हे चौघे विरारच्या एका शेतघरात राहायला गेले. एका प्राणिप्रेमी बाईंनी त्यांना आपलेसे केले. तिथे झाडांची सावली होती, मोकळे अंगण होते, आणि हुकूम कोणाचाच नव्हता. आयुष्यभर कामाला जुंपलेल्या जिवांना उतारवयात का होईना, घर मिळाले. हे सुख फार काळ टिकले नाही. २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक चौघेही गेले. जोडीदार टायगर गेल्यावर सीझर मलूल झाला होता, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आले होते. ऑक्टोबरमध्ये तोही गेला.

शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. जोडीतला एक बैल गेला की दुसरा वैरणीला तोंड लावत नाही, हे त्याने गोठ्यात पाहिलेले असते. दुष्काळातल्या जनावरांच्या छावण्याही त्याला माहीत आहेत. २०१३ आणि २०१९ साली मराठवाड्यात आणि नगरकडे मोठ्या छावण्या लागल्या होत्या. छावणी म्हणजेही एक निवाराच. पण तिथे दावणीशेजारी घरातले एक माणूस वाकळ टाकून झोपत असे. म्हातारा असो, पोरगा असो, कोणी तरी असेच. पाऊस पडला की जनावर आपल्याच गोठ्यात परत यायचे, हे ठरलेले. निवाऱ्यात असतानाही त्याचे घर सुटत नव्हते. पांजरापोळ आणि छावणी यांच्यात माझ्या मते हाच फरक आहे, आणि तो लहान नाही.

हा सगळा इतिहास आज सांगण्याचे कारण गुरुजींना ठाऊक असेल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रथम दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत नेण्यास सांगितले. अकरा दिवसांनी तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत सोडावीत. पिसाळलेली वा अंगावर येणारी सोडू नयेत. आणि कोणाला कुत्रे दत्तक घ्यायचे असेल तर त्याने अर्ज करावा, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची, असे त्यात होते. नंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने शाळा, इस्पितळे, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतली कुत्री उचलून निवाऱ्यात न्यावीत आणि त्याच जागी परत सोडू नयेत, असे सांगितले. शाळेत मुलाला कुत्रे चावले, तर मुलाच्या आईपुढे भूतदयेचे व्याख्यान कोणी देऊ शकत नाही. पोटात चौदा इंजेक्शने घेतलेली माणसे अजून गावागावांत आहेत. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, ही भीती खरी आहे. पण शाळेच्या ओट्यावरचा, खिचडीच्या वासाने दुपारी येणारा तो कुत्रा निवाऱ्यात गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न पुन्हा १८३४ च्या दरवाजाशी येऊन उभा राहतो. नुसता आत उघडणारा दरवाजा किती दिवस पुरणार?

त्याला बाहेरची वाट एकच आहे, कोणाचे तरी घर. आणि या बाबतीत मळ्यात वस्ती करून राहणारा बागलाणातला शेतकरी शहरातल्या माणसापेक्षा सोयीचा. त्याच्याकडे अंगण आहे, राखण्यासारखे काही आहे, आणि उरलेली भाकरी आहे. फक्त एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मोठे झालेले कुत्रे आणले आणि सोडले, असे चालत नाही. पहिले दोन-तीन दिवस ते बाजेखाली नाहीतर गंजीच्या आडोशाला दडून बसते, धड खात नाही, हाक मारली तर कान मागे टाकते. घरातली माणसे म्हणतात, "हे काही रुळायचं नाही." तेव्हा घाई करू नये. त्याच्याभोवती पोरांचा घोळका जमू देऊ नये. खायला एकाच माणसाने, एकाच वेळी, एकाच जागी घालावे, आणि पहिल्या दिवसापासून एकाच नावाने हाक मारावी. दोन-तीन आठवडे तरी मोकळे सोडू नये, कारण कुत्र्याला जुन्या जागेची ओढ असते आणि ते वाट शोधत निघते. या दिवसांत त्याला घराचे वेळापत्रक कळू लागते: दूध कधी काढतात, मोटर कधी चालू होते, शाळेला पोरे कधी निघतात. पुढे तीन महिन्यांच्या आत-बाहेर ते फाटकापाशी बसू लागते, आणि एखाद्या रात्री अनोळखी पावलांवर पहिल्यांदा भुंकते. तोवर त्याचा खरा आवाज घरात कोणी ऐकलेलाच नसतो.

आणि चावलेच, तर हळद-तिखट लावीत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक सरकारी दवाखाना गाठावा. आता इंजेक्शने दंडात देतात, पोटात नाही. कुत्र्याला मात्र दरवर्षी लस हवी. ती टोचल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावी.