दौतीवर साल नसतं तेव्हा

आपण ज्याला दौत म्हणतो, तो शब्द मूळचा अरबी, 'दवात'. आज बाराव्या-तेराव्या शतकातल्या खुरासानच्या (आजचा ईशान्य इराण आणि अफगाणिस्तानचा काही भाग) पितळी दौतींबद्दल लिहायचं आहे. विज्ञानवाल्यांनी यात कशाला पडायचं? कारण 'हे तुला कसं कळलं?' हा व्हायवातला प्रश्न या वस्तूंना विचारून बघण्यासारखा आहे.

आधी वस्तू बघू. गोल डब्यासारखं अंग, त्यावर घुमटाच्या आकाराचं झाकण. बाजूला कड्या, त्यांत दोरी ओवून दौत टांगून नेता यायची. शाईत रेशमाचा किंवा लोकरीचा बोळा ठेवत, म्हणजे शाई सांडत नाही आणि बोरूला जास्त लागत नाही. बाहेरून पितळेत खाचा कोरून चांदी आणि तांबं ठोकून बसवलेलं. बिदरीची आठवण येते, पण बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा, हे पितळ.

कडेने अरबी अक्षरं असतात: मालकाला मान, भरभराट, सुख लाभो. गंमत म्हणजे बहुतेक वेळा मालकाचं नावच नसतं. आपण पटकन 'कुण्या वजिराची दौत' असं लिहून मोकळे होतो. पण नाव नाही, म्हणजे कदाचित ती आधी बनवून बाजारात विकायला ठेवली असेल. वजीर आपण घातला, दौतीने नाही.

मग 'खुरासान, सुमारे 1200' ही पाटी येते कुठून? तुलनेतून. रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात बोब्रिन्स्की बादली आहे. तिच्यावर हिजरी 559, म्हणजे इ.स. 1163 ची तारीख आहे. शिवाय ती करवून घेणारा, घडवणारा, नक्षी करणारा हेरातचा मसूद इब्न अहमद आणि ज्याच्यासाठी ती केली तो व्यापारी, अशी सगळी नावं आहेत. आपल्या भाषेत हे कॅलिब्रेशन स्टँडर्ड. बिनतारखेच्या दौती तिच्या शेजारी ठेवून ताडून बघतात. एक्स-रे फ्लुरोसन्सने तांबं-जस्ताचं प्रमाण कळतं, पण तेही पृष्ठभागापुरतं, आणि साल त्यातून निघत नाही. जुनं पितळ वितळवून पुन्हा वापरलं असेल, तर धातूचा मूळ गावही सापडणं अवघड.

आता दुसरं टोक. 1221-22 मध्ये मंगोलांनी हेरात उद्ध्वस्त केलं. त्यावरून एक गोष्ट वारंवार सांगितली जाते: कारागीर पळाले, इराकमधल्या मोसुलला पोचले आणि तिथे हे जडावकाम सुरू झालं. गोष्ट छान बसते. मोसुलमध्ये बनल्याचं स्वतःवरच सांगणारी ब्रिटिश म्युझियममधली ब्लाकास सुरई 1232 ची आहे, म्हणजे बरोबर नंतरची.

पण अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयात एक छोटी पितळी डबी आहे, 1220 ची. तिच्यावर नक्षीकाराचं नाव आहे: इस्माईल इब्न वर्द, मोसुली; इब्राहिम इब्न मवालिया मोसुली याचा शिष्य. (गाइडचं नाव टाकायची पद्धत तेव्हाही होती!) हेरात पडायच्या आधीच मोसुली कारागिरांत शिकून तयार झालेला शिष्य आहे, म्हणजे गुरू त्याच्याही आधीपासून काम करत असणार. नंतर खुरासानचे कारागीर तिकडे गेलेही असतील, त्याला या डबीने बाध येत नाही. पण 'मंगोल आले म्हणून मोसुलचं काम सुरू झालं' हे वाक्य उभं राहत नाही. एका छोट्या डबीने ते पाडलं.

तुमच्या प्रपोजलमधलं प्रत्येक वाक्य असंच तीन रकान्यांत टाकून बघा: वस्तूवर लिहिलेलं, तुलनेतून काढलेलं आणि छान बसतं म्हणून मानलेलं. तिसरा रकाना भरायला लागला, की समजा, आपली 1220 ची डबी अजून शोधायची आहे.