‘वडिलोपार्जित’मधील वडील नेमके कोण?

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीला खेटून असलेले ताथवडे हे मुळशी तालुक्यातील गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली, जमिनीला सोन्याचा भाव आला. जमिनीला भाव आला की सातबारा बाहेर निघतो, आणि त्याच्यामागोमाग एक शब्द निघतो : ‘वडिलोपार्जित’.

बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ ‘वडिलांनी कमावलेले’ असा असतो. तो अर्थ चुकीचा आहे, आणि अशी चूक महाग पडते.

‘वडील’ या शब्दाचा संस्कृत ‘पितृ’शी काहीही संबंध नाही. त्याचे मूळ प्राकृतातील ‘वड्ड’, म्हणजे मोठा. हिंदीतील ‘बडा’ आणि कोंकणीतील ‘व्हड’ ही त्याचीच भावंडे. गुजरातीतही ‘वडील’ आहे, पण तेथे तो आजही कोणत्याही ज्येष्ठ माणसासाठी चालतो. मराठीतही पूर्वी तसेच होते. थोरल्या भावाला ‘वडील बंधू’ म्हणत, थोरल्या लेकाला ‘वडील मुलगा’. मुलगाच वडील असू शकतो, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

१२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात गीतेतील ‘श्रेष्ठ’ या शब्दासाठी ज्ञानेश्वरांनी ‘वडील’ हाच शब्द योजला आहे. तेथे नाते अभिप्रेत नाही. अभिप्रेत आहे मोठेपण, ज्याच्या वर्तनाकडे इतर लोक पाहतात ते.

गावगाड्यात या मोठेपणाला रोकडे मोल होते. पाटीलकीच्या वतनात भाऊबंदांच्या शाखा वाढल्या की वडीलपण कोणत्या घराकडे, हा वाद उभा राही. होळीची पोळी आधी कोणाची, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, विडा प्रथम कोणाला, हे त्यावर ठरे. आज हे वाद हास्यास्पद वाटतील. पण ज्याचा मान पहिला त्याचा वतनावरील दावाही बळकट, हे सर्वांना ठाऊक होते.

मग हा शब्द बापापाशी कसा येऊन थांबला? ‘बाप’ हा शब्द मराठीत रोखठोक आणि काहीसा उघडा. चारचौघांत पित्याचा उल्लेख करताना आदराचे आवरण हवे, म्हणून ‘आमचे वडील’, म्हणजे आमच्या घरातले मोठे. त्यामुळेच हा शब्द पित्यासाठी नेहमी आदरार्थी बहुवचनात येतो. ‘माझा वडील आला’ असे कोणी म्हणत नाही. आणखी एक गंमत अशी की, ‘वडील’ म्हणून पित्याला कोणी हाक मारत नाही. हाकेला बाबा, आबा, अण्णा, तात्या, दादा असतात. ‘वडील’ हा तिसऱ्याशी बोलतानाचा शब्द आहे.

‘वडिलोपार्जित’ मात्र या अर्थसंकोचाच्या बाहेर राहिला. त्याची घडणही न्याहाळण्यासारखी आहे : प्राकृत ‘वडील’ला संस्कृत ‘उपार्जित’ जोडले, तेही संस्कृत संधीचा नियम लावून. व्याकरणाच्या सोवळ्यात न बसणारा हा संकर कागदोपत्री पक्का रुजला. त्यातील वडील म्हणजे बाप नव्हे. ते वाडवडील, पूर्वज. याज्ञवल्क्यस्मृतीत यासाठी ‘पितामहोपात्त’, म्हणजे आजोबांनी मिळवलेले, असा शब्द आहे. अशा भूमीत पिता आणि पुत्र यांचे स्वामित्व सारखेच, असे ती स्मृती सांगते. चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळात कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने तिच्यावर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि पुत्राचा हक्क जन्मानेच निर्माण होतो, हे तत्त्व मांडले. महाराष्ट्रात हिंदू कुटुंबांच्या मालमत्तेचा विचार शतकानुशतके याच ग्रंथाच्या आधारे होत आला.

आता चूक महाग का पडते ते पाहा. बापाने स्वतःच्या कमाईतून घेतलेली जमीन ‘स्वकष्टार्जित’ ठरते. तिच्यात मुलांना जन्मसिद्ध वाटा नाही. बाप ती विकू शकतो, मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. इतकेच नव्हे, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार बापाची अशी स्वतंत्र मालमत्ता मुलाला वारशाने मिळाली, तर ती त्या मुलाचीही स्वतंत्रच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या चंदर सेन खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे ‘वडिलांकडून आले ते वडिलोपार्जित’ हे समीकरण कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही.

आणि पूर्वजांच्या जमिनीत हा जन्मसिद्ध हक्क कोणाचा? विज्ञानेश्वरापासून विसाव्या शतकापर्यंत उत्तर एकच होते : पुत्राचा. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायाद केले, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट काढली. तरीही त्या दिवशी बाप हयात असावा लागतो का, हा पेच उरला होता. तो ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्याने सोडवला : मुलीचा हक्क जन्माचा आहे, बापाच्या हयातीवर तो अवलंबून नाही. म्हणूनच शहराच्या कडेच्या गावांत जमीन विकण्याआधी सासरी नांदणाऱ्या बहिणींना माहेरी बोलावणे धाडले जाते, आणि त्यांच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते.