थांबलेल्या रुग्णवाहिकेचा हक्क : रस्ता-नियमांच्या इतिहासातील एक उणीव (विशेष संदर्भ : बारामती व इंदापूर तालुके)

प्रस्तावना :

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ते इंदापूर या टप्प्यात अपघात घडला, की बहुधा एकच दृश्य पाहावयास मिळते. साईडपट्टीवर रुग्णवाहिका उभी असते, तिच्यामागे पोलिसांची गाडी. दोन्हींचे दिवे फिरत असतात. जखमीला स्ट्रेचरवर घेणारी माणसे अर्धी रस्त्यात असतात आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावरून ट्रक, टेम्पो, एस.टी. गाड्या वेग कमी न करता निघून जातात. या चालकांना मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ई लागू होते काय, असा प्रश्न केल्यास उत्तर नकारार्थी येते. उरते ते बेदरकारपणे वाहन चालविण्याचे सर्वसाधारण कलम, आणि ते बहुतेक वेळा कोणाला तरी धडक बसल्यानंतरच आठवते. असे का झाले, याचा शोध नियमांच्या इतिहासात घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमांची वाटचाल :

भारतात मोटारींसंबंधी अखिल भारतीय स्वरूपाचा कायदा १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९च्या कायद्याने घेतली आणि पुढे १९८८चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. १९३९च्या कायद्यातील एक तरतूद आजच्या वाचकास काहीशी नवलाची वाटेल. जनावराच्या मालकाने, आपले जनावर मोटारीला बुजून हाताबाहेर जाईल अशी भीती वाटून थांबण्यास सांगितले, तर चालकाने मोटार थांबविली पाहिजे. हीच तरतूद १९८८च्या कायद्याच्या कलम १३२ मध्येही आली. त्या काळी रस्ता प्रामुख्याने बैलगाडीचा होता आणि मोटार पाहुणी होती, हे यावरून दिसते. ऊसपट्ट्यात ही तरतूद अगदीच कालबाह्य म्हणता येणार नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर किंवा बिजवडी येथील कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाळप हंगामात बैलांच्या टायरगाड्या दिसतात.

आपत्कालीन वाहनांचा स्पष्ट उल्लेख १९८९च्या रस्ता-नियमांत सापडतो. त्यातील दहाव्या नियमानुसार अग्निशामक बंब अथवा रुग्णवाहिका जवळ येत असता प्रत्येक चालकाने बाजूला होऊन तिला मोकळी वाट द्यावयाची होती. २०१७ साली या नियमांच्या जागी नवे वाहनचालन विनियम आले आणि त्यांत बंब, रुग्णवाहिका, पोलीस वाहन असा अग्रक्रमही ठरला. २०१९च्या दुरुस्तीने कलम १९४ई घालण्यात आले व वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या गेल्या. शिक्षा कठोर झाली खरी. परंतु मूळ कल्पना १९८९चीच राहिली. या कलमातील रुग्णवाहिका ही ‘येणारी’ रुग्णवाहिका आहे. ती घटनास्थळी पोहोचून थांबली, की हे कलम तिच्यापुरते संपते.

याचे कारण आपल्या आरोग्यसेवेच्या इतिहासात असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पूर्वी महामार्गावरील जखमीला जी जीप किंवा टेम्पो मिळेल त्यात घालून गावच्या दवाखान्यात नेले जाई. रुग्णवाहिकेशी संबंध यायचा तो पुढे, मोठ्या रुग्णालयात हलविताना. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली आणि डॉक्टर थेट अपघातस्थळी येऊ लागला. म्हणजेच रस्त्याकडेला उभी राहून उपचार करणारी रुग्णवाहिका ही आपल्या ग्रामीण रस्त्यावर तुलनेने नवी गोष्ट आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती नव्हती, यात त्यांचा फारसा दोष नाही. २०१७ नंतर मात्र हे कारण पुरेसे ठरत नाही.

दिव्याचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. फिरणारा दिवा कित्येक वर्षे सत्तेचे चिन्ह होऊन बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये लाल दिव्यावर मर्यादा आणल्या व १ मे २०१७ पासून मान्यवरांच्या गाड्यांवरील दिवे उतरले. पण दिवा म्हणजे ‘साहेब आले’ अशी सवय जडलेल्या डोळ्यांना, दिवा म्हणजे ‘येथे माणसे रस्त्यात आहेत, हळू जा’ हा अर्थ कोणी शिकविलाच नाही.

अमेरिकेत ही उणीव राज्याराज्यांच्या कायद्यांनी भरून काढली. दक्षिण कॅरोलिना राज्यात १९९४ साली अपघातस्थळी मदत करणाऱ्या एका आरोग्यसेवकास मोटारीची धडक बसली. त्यानंतर १९९६ मध्ये तेथे ‘मूव्ह ओव्हर’ कायदा झाला, आणि २०१२ मध्ये हवाई राज्याने तो स्वीकारल्यावर सर्व पन्नास राज्ये त्याखाली आली. थांबलेल्या आपत्कालीन वाहनाशेजारची मार्गिका सोडा. ते शक्य नसेल तर वेग कमी करा, एवढेच त्याचे सार आहे.

बारामती-इंदापूरचा संदर्भ :

हा नियम येथे जसाच्या तसा चालणार नाही. चौपदरी सोलापूर रस्त्यावर मार्गिका बदलता येईल. दुपदरी तालुका-रस्त्यावर समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येत असता बाजूला व्हायचे कोठे? तेथे वेग कमी करणे हाच मार्ग उरतो. बंद पडलेल्या गाडीभोवती दगड मांडणे, मागे झाडाची फांदी अडकविणे ही आपली पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. (गाडी निघून जाते, दगड तेथेच राहतात, ही गोष्ट वेगळी.) रुग्णवाहिकेला दगड मांडण्याइतकी सवड नसते.

याच परिसरात आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. कडेला वारकऱ्यांचे पाय धुऊन मलमपट्टी करणाऱ्या आरोग्यपथकाच्या गाडीला वळसा घालून दिंडी पुढे सरकते. तेथे पोलिसाला शिट्टी वाजवावी लागत नाही.

दिंडीचा उल्लेख केवळ भावनेपोटी केलेला नाही. १९८९च्या नियमांत मिरवणूक, संचलन करणारे सैनिक वा पोलीस आणि रस्तादुरुस्तीचे मजूर यांच्याजवळून जाताना वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, अशी तरतूद होती. रस्त्यावर पायी असलेल्या माणसांशेजारून हळू जावे, हे तत्त्व आपल्या नियमांना परके नव्हते. खडी पसरणारा मजूर त्या यादीत होता, स्ट्रेचर उचलणारा परिचारक नव्हता. त्याचे नाव घालण्यासाठी संसदेत नवा कायदा आणण्याची गरज नाही. १९८८च्या कायद्याच्या कलम ११८ नुसार वाहनचालनाचे विनियम केंद्र सरकारला अधिसूचनेने करता येतात, आणि ते मोडणाऱ्यास २०१९च्या कलम १७७अ प्रमाणे पाचशे ते एक हजार रुपये दंड आजही सांगितलेला आहे.