पापुद्रे

व्हॉल्व्हचा रेडिओ लावल्याबरोबर बोलत नाही. आधी तापतो. साल 1956, गिरगावातल्या एका चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. तुम्ही चटईवर बसला आहात आणि खोलीतली सगळी माणसं त्या लाकडी पेटीच्या हिरव्या डोळ्याकडे बघताहेत. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी लागत नाहीत. नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी, आणि शास्त्रीय संगीतावर त्यांची अशी काही निष्ठा की अख्खा देश संध्याकाळी रेडिओ सिलोनवर जाऊन बसतो. शॉर्टवेव्हचा काटा केसभर सरकवायचा. खरखर, शीळ, आणि मग निवेदक फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचू लागतो. झुमरी तलैया. पुन्हा झुमरी तलैया.

“असलं गावच नाहीये हो काका,” एक पोरगा तुम्हाला सांगतो. “हे लोक बनवतात.”

गाव आहे. आणि त्याच्या आसपासच्या जमिनीचा एक तुकडा बहुधा याच पेटीत बसला आहे.

पेटीच्या मागच्या बाजूला जा. हात घालू नका, आत शे-दोनशे व्होल्ट खेळताहेत. व्हॉल्व्हच्या काचेतून बघा: तारा आणि जाळ्या जागच्या जागी धरून ठेवायला वर-खाली भोकं पाडलेल्या दोन पारदर्शक चकत्या आहेत. ते अभ्रक. खाली तपकिरी, टपालाच्या तिकिटाएवढी, रंगीत ठिपक्यांची वडी दिसते, तो कपॅसिटर. त्यातही अभ्रक, धातूच्या दोन पत्र्यांमध्ये चेपलेलं. वेटोळं आणि कपॅसिटर मिळून रेडिओची वारंवारता ठरते. पेटी तापत जाते तसं बाकीचं सगळं थोडंफार प्रसरण पावतं. कपॅसिटरचं मूल्यही हललं तर गाणं अर्ध्यावर शेजारच्या स्टेशनात घसरायचं. अभ्रक फारसं हलत नाही. विल्यम डुबिलिए या अमेरिकन माणसाने 1909 साली ते कपॅसिटरमध्ये घातलं, आणि काच, मेणकागद यांच्यापेक्षा ते उजवं ठरलं.

वडीतला पापुद्रा जेमतेम मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा जाड, तरी दोन हजार व्होल्ट सहज अडवतो. इतका पातळ कोणी केला?

तेरा वर्षं मागे या. 1943, झुमरी तलैयाजवळचं कोडरमा, तेव्हाचा बिहार. पत्र्याच्या छपराखाली ओळीने बायका बसल्या आहेत. जमीन, साड्या, पापण्या, सगळं चमचमतंय. खाणीतून आलेला अभ्रकाचा गठ्ठा धंद्याच्या भाषेत ‘बुक’. आपल्याला तो पोथीसारखा दिसतो, शिवण नसलेली सुटी पानं. रंग लालसर, म्हणून नाव ‘रुबी’. चाकूचं टोक कडेत सारायचं, मनगट जरासं वळवायचं, आणि पान सुटतं. तुम्ही करून बघा. तुमचं पान मधेच फाटतं. समोरची बाई खोरठा भाषेत काहीतरी म्हणून हसते आणि न बघता पुढचं पान उचलते.

युद्ध चालू आहे. विमानांतले वायरलेस, रडार, सगळ्यांना अभ्रक हवं, आणि चांगलं पत्री अभ्रक प्रामुख्याने इथून जातं. दोस्तांनी त्याच्या खरेदीसाठी कोलकात्यात संयुक्त मिशन बसवलं आहे. पापुद्रे सोडवण्यात यंत्राला हाताची सर आलेली नाही. बाईशेजारी आठ-नऊ वर्षांची पोर तेच काम करते आहे. कोवळी बोटं या कामाला बरी, असं इथले लोक कौतुकाने सांगतात. मला ते कौतुक ऐकवत नाही.

आता खूप मागे जायचं आहे, शंभरेक कोटी वर्षं. शरीर इथेच ठेवा. पुढे त्याचा उपयोग नाही.

अंधार, कित्येक किलोमीटर खोल, सहाएकशे अंश. ग्रॅनाइटचा रस गोठत आला आहे आणि ज्यांना कोणत्याच स्फटिकात जागा मिळाली नाही ते शेवटच्या गाळात उरले आहेत: पाणी, फ्लोरिन, बोरॉन. त्यांच्यामुळे हा उरलासुरला रस पातळ होतो. पातळ रसात अणू लांबवर फिरू शकतात आणि नवी बीजं मात्र मोजकीच धरतात. साखरेचा पाक घाईत ढवळला की बारीक कण होतात, निवांत ठेवला तर खडीसाखर धरते. तेच इथे चाललं आहे, फक्त खडे हातभर रुंद होणार आहेत.

एका बीजाजवळ थांबा. सिलिकॉन आणि ऑक्सिजन षटकोनी जाळी विणतात. अशा दोन जाळ्या, मध्ये अ‍ॅल्युमिनियम: झाला एक थर, एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा. जाळीत चारांतल्या एका सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम घुसलेलं, त्यामुळे थरावर ऋण भार उरतो. तो फेडायला पोटॅशियम येतं आणि षटकोनाच्या खळग्यात बसतं, वरच्या थराचा आणि खालच्या थराचा सामाईक पाहुणा. नवा अणू आला की त्याला थराच्या कडेला मोकळे हात सापडतात. सपाट तोंडावर सगळ्यांचे हात आधीच गुंतलेले. म्हणून स्फटिक आडवा भराभर पसरतो आणि उंचीला रेंगाळतो. थराच्या आत पकड घट्ट, थराथरांत पोटॅशियमची सैल गाठ. कोडरम्याच्या बाईचा चाकू शंभर कोटी वर्षांनी नेमका त्या गाठीत शिरणार आहे. गिरगावातल्या त्या वडीतल्या पापुद्र्यात असे पंचवीसेक हजार थर आहेत. मोकळा फिरणारा इलेक्ट्रॉन त्यांत जवळजवळ नाहीच. वीज अडते ती त्यामुळे.

पंचवीस हजारांवरून एकावर यायला माणसाला 2004 साल उजाडावं लागलं. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव यांनी ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावली, ओढली, पुन्हा लावली, पुन्हा ओढली, आणि कार्बनचा एकच थर, ग्राफीन, सुटा केला. 2010 मध्ये नोबेल. पण ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही जपानात, त्सुकुबाला चला.

इथे तानिगुची आणि वातानाबे हे दोन शास्त्रज्ञ पृथ्वीच्या पोटाची नक्कल करतात. प्रचंड दाबयंत्र, वातावरणाच्या सुमारे 40,000 पट दाब, 1500 अंशांच्या वर उष्णता, आणि बेरियमच्या संयुगाचा द्राव, ज्यात बोरॉन नायट्राइड विरघळून पुन्हा सावकाश स्फटिक धरतं. तानिगुची यांचं मुख्य काम हिऱ्यासारख्या कठीण, घनाकृती बोरॉन नायट्राइडवर. पण जगाला हवा झाला तो त्याचा षटकोनी, थरांचा, मऊ भाऊ. ग्राफीन सिलिकॉनच्या ऑक्साइडवर ठेवलं की खालच्या खडबडीतपणाने आणि अडकलेल्या भारांनी इलेक्ट्रॉन ठेचकाळतात. हा स्फटिक मात्र अणूच्या पातळीवर सपाट, निरोधक, आणि पृष्ठावर एकही हात मोकळा नाही. 2010 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने त्यावर ग्राफीन ठेवलं आणि इलेक्ट्रॉनांची चाल जवळपास दहापट सुधारली. मग जगभरच्या प्रयोगशाळा त्सुकुबाला लिहू लागल्या, आणि त्या दोघांची नावं शेकडो शोधनिबंधांवर झळकली.

आता तुम्ही अशाच एका प्रयोगशाळेत आहात. समोर डबी, डबीत पारदर्शक, कणीएवढे खडे. चिमट्याने एक उचला, चिकटपट्टीवर ठेवा, पट्टी दुमडा आणि ओढा. फार जोरात नको. शेजारी बसलेली संशोधक विद्यार्थिनी तुमच्याकडे न बघताच सांगते, “कडेपासून, हळू.” पट्टी सिलिकॉनच्या चकतीवर दाबा, सोलून काढा, चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवा. चुरा, चुरा, डिंकाचा डाग, पुन्हा चुरा. तासभर हेच. मग जांभळट पार्श्वभूमीवर एक फिकट निळा तुकडा दिसतो, कडा सरळ, वर एकही सुरकुती नाही.

ती खुर्ची ओढून जवळ येते. तुमचा तुकडा बघते, नाक मुरडते आणि म्हणते, “जाड आहे. परत सोला.”