कर्णा, बॅटरी आणि पहिला वॅट

लाउडस्पीकरला मराठीत ‘कर्णा’ म्हणतात. हा शब्द मात्र विजेच्या आधीचा आहे. देवाच्या छबिन्यापुढे, सरदारांच्या स्वारीपुढे शिंग, तुतारी आणि कर्णा ही वाद्ये वाजत. पुढे देवळाच्या शिखराजवळ पत्र्याचे मोठे नरसाळे चढले, तेव्हा त्यासाठी लोकांना नवे नाव शोधावे लागले नाही. जुने नाव त्याला अचूक बसले, आणि ते केवळ आकारापुरते नव्हते. दोन्ही वस्तू एकच काम करतात.

आज होम थिएटरचा रिसीव्हर विकत घेणारा माणूस पहिल्यांदा वॅट विचारतो. शंभर वॅटचा की दीडशेचा? त्याला जोडायचे स्पीकर कर्ण्याच्या जातीचे, म्हणजे थोड्या शक्तीत मोठा आवाज देणारे असतील, तर हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या जत्रांत, सभांत आणि तमाशाच्या फडांत हे गणित फार पूर्वी सुटले होते. तिथे वॅट ही चैन नव्हती, टंचाई होती.

आधी कर्ण्याचे काम समजून घ्यावे लागते. हवा अतिशय हलकी आहे. एखादा छोटा, ताठ पडदा थरथरला की हवा त्याच्यापुढून निसटून जाते आणि पडद्याला लावलेली बरीचशी शक्ती उष्णतेत वाया जाते. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर जवळच्या माणसालाही जेमतेम ऐकू येते. तिची थरथर घोडीवरून तबलीत आणि भोपळ्यात उतरते तेव्हा कुठे खोली भरते. बारीक तार आणि अफाट हवा यांच्यामध्ये कोणीतरी मध्यस्थ लागतो. कर्णा हा तसाच मध्यस्थ आहे. घशापाशी तो अरुंद असतो, म्हणून तिथली हवा पडद्याला भार देते, निसटत नाही. पुढे तो हळूहळू रुंदावतो आणि तोच दाब मोकळ्या हवेच्या स्वाधीन करतो. साध्या खोक्यातल्या स्पीकरमध्ये विजेचा साधारण एक टक्का भाग ध्वनी होतो. चांगल्या कर्ण्यात हे प्रमाण दहा टक्के आणि त्याहूनही वर जाते.

कर्ण्याआधी या भागाने आवाजाचा प्रश्न माणसांच्या बळावर सोडवला होता. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा गळा हेच एकमेव यंत्र होते. तमाशात मुख्य गायकाची ओळ संपता संपता मागचे झीलकरी ती उंच स्वरात उचलून धरत. त्याला सौंदर्य आहेच, पण ती दूरवर आवाज पोहोचवण्याची युक्तीही होती. लावणीचा शेवटचा शब्द मैदानाच्या कडेला बसलेल्यालाही मिळावा, यासाठी तीन गळे राबत.

विजेचा कर्णा अमेरिकेत जन्मला. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो मोठ्या जमावापुढे वापरला. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन सॅन डिएगोच्या मैदानात हजारो लोकांशी याच यंत्रावर बोलले. १९२४ मध्ये हॅना आणि स्लेपियन यांनी कर्णा कोणत्या वळणाने रुंदावत जावा याचे गणित मांडले. १९२६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकने बोलपटासाठी ५५५ क्रमांकाचे युनिट काढले. गंमत अशी की कंपनीच्या भाषेत त्या युनिटचेच नाव ‘रिसीव्हर’ होते, कारण त्याचे पूर्वज टेलिफोनच्या कानात होते. दहाएक वॅटच्या ॲम्प्लिफायरवर ते मोठमोठी चित्रगृहे भरून टाकी. व्हॉल्व्हच्या त्या काळात एकेक वॅट महाग होता. ती उणीव कर्ण्याने भरून काढली, म्हणून बोलपट शक्य झाला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ बोलू लागला आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. त्याच दशकात मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओचे कर्णे काँग्रेसच्या सभा-अधिवेशनांत दिसू लागले.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. १९४९ मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. या मुलखातल्या बहुतेक गावांत तेव्हा वीज नव्हती. उजेडाची सोय ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने होई. आवाजाला मात्र वीजच लागते, आणि ती बैलगाडीतून किंवा ट्रकमधून सोबत न्यावी लागे. तंबूच्या टूरिंग टॉकीजपाशी स्वतःचे जनित्र असे. सभेला आणि कीर्तनाला मोटारीच्या बॅटरीवर भागवावे लागे.

इथे आकडे पाहण्यासारखे आहेत. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर साधा खोका सुमारे ८८ डेसिबल आवाज देतो, जत्रेतला कर्णा सुमारे १०८. दहा डेसिबलची वाढ म्हणजे दहापट शक्ती. त्यामुळे वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट. बॅटरीवरचा तीस वॅटचा ॲम्प्लिफायर घेतला, तर मोकळ्या मैदानात शंभर मीटरवर खोक्याचा आवाज उरतो साधारण ६३ डेसिबल, म्हणजे शेजारच्या दोघांच्या गप्पांइतका. पोरांची रडारड, बैलांची घुंगरे, भेळवाल्यांची हाक यांत तो बुडून जाणार. त्याच बॅटरीवर कर्णा तिथे ८३ डेसिबल पोहोचवतो. वक्ता ऐकू येतो. पुसेगावचा रथोत्सव, पालच्या खंडोबाची जत्रा, म्हसवड आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रा अशा अफाट गर्दीत हा फरक सोयीपुरता नव्हता. हरवलेल्या मुलाचे नाव पुकारले गेले तर ते आईच्या कानापर्यंत जाते की नाही, हे त्यावर ठरे.

केवळ कर्णा चांगला असून मात्र भागत नाही. ॲम्प्लिफायरशी त्याची जुळणी व्हावी लागते, आणि मंडपवाल्याची खरी विद्या तीच. युनिट बहुधा सोळा ओहमचे असते. व्यासपीठापासून कर्णा दोनशे मीटर दूर झाडाला बांधला आणि बारीक तारेने थेट जोडला, तर तीस वॅटला सुमारे १.३७ अँपिअर प्रवाह त्या तारेतून जाणार. तार तापणार, शक्ती वाटेतच मरणार. म्हणून शंभर व्होल्टच्या लाइनची पद्धत आली. मशीनकडून आवाज शंभर व्होल्टवर चढवून पाठवायचा आणि कर्ण्यापाशी छोट्या ट्रान्सफॉर्मरने पुन्हा खाली उतरवायचा. प्रवाह ०.३ अँपिअरवर येतो आणि तारेतली नासाडी जवळजवळ विसाव्या हिश्शावर उतरते. कोयनेची वीज उच्च दाबाने दूर नेण्यामागे हेच तत्त्व आहे. फरक इतकाच की जत्रेत ते सुतळीने बांधलेल्या तारेवर चाले.

या पद्धतीत एकच नियम मोडायचा नसतो: सगळ्या कर्ण्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर लावलेल्या वॅटची बेरीज मशीनच्या क्षमतेच्या वर जाता कामा नये. साठ वॅटच्या मशीनवर पंधराचे चार कर्णे चालतात. पाचवा जोडला की मशीनवर भार वाढतो, आवाज फाटतो आणि शेवटी मशीन बसते. देवळाजवळचा कर्णा पाच वॅटवर आणि बैलबाजाराकडचा पंधरावर ठेवायचा, हा विवेक शाळेत शिकवला जात नव्हता.

कर्ण्याने काही हिरावूनही घेतले, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. आखूड तोंडाचा कर्णा खालचे स्वर देऊ शकत नाही. ठरावीक मर्यादेखाली हवा पडद्याला भार देईनाशी होते, पडदा मोकाट हलतो आणि तुटतो. त्यामुळे खर्ज मशीनवरच कापावा लागे. ढोलकीची शाई वाजते ती कडक, खणखणीत आणि कर्ण्याला मानवते. धुमेचा भरदार घुमारा मात्र तारेवरच राहून जातो. हलगी, तुणतुणे आणि उंच गळा यांना कर्ण्याने राज्य दिले, ढोलकीचे निम्मे अंग कापले. दुरून ऐकू येणारा तमाशा आणि पुढ्यात बसून ऐकलेला तमाशा यांत तेव्हापासून अंतर पडले.

रेडिओचा रिसीव्हरही याच वाटेने गावात शिरला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या श्रोतागटांचा प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत लोक एकत्र बसून वीस कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत. एका संचासमोर सारा गट ऐकायला बसतो, तिथेही पहिली अडचण तीच: हाताशी असलेल्या थोड्या शक्तीत शेवटच्या माणसापर्यंत शब्द कसा न्यायचा?

१९६२ पासून कोयनेची वीज वाहू लागली. पुढच्या दशकांत गावोगाव तारा पोहोचल्या, ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केला, आणि जुळणीची विद्या हळूहळू निरुपयोगी वाटू लागली. आज मिरवणुकीत ट्रॉलीवर स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. कमी पडले की आणखी जोडा, हाच त्यामागचा विचार. शेवटच्या श्रोत्यासाठी आलेले यंत्र जवळच्याच श्रोत्याचा कान बधिर करू लागले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मज्जाव झाला आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंदीवर ठाम शिक्का मारला. नियम योग्यच आहे. पण त्याची मोठी किंमत तमाशाने मोजली. गण, गौळण, बतावणी करत वगाला रंग चढायचा तो मध्यरात्रीकडे, आणि फड उठायचा पहाटे. सणासुदीच्या मोजक्या दिवसांची सवलतही बाराच्या ठोक्याला संपते. ज्यांचा आवाज कधीच भिंतीएवढा नव्हता, त्यांनाही तोच काटा लागला.

आता घरातला रिसीव्हर. पॉल क्लिप्श यांनी १९४६ च्या सुमारास खोलीच्या कोपऱ्यात मावणारा कर्णा बाजारात आणला. एका वॅटला तो सुमारे १०४ डेसिबल देतो. साध्या खोक्यापेक्षा सोळा डेसिबल अधिक, म्हणजे चाळीसपट शक्तीची बचत. तीन मीटरवर बसून ७५ डेसिबलने चित्रपट पाहायचा, तर सरासरीने वॅटचा जवळपास नव्वदावा भाग पुरतो. शंभर वॅटचा रिसीव्हर त्या वेळी आपल्या ताकदीच्या तळाशी रांगत असतो. मग महत्त्व येते ते तळाच्या स्वच्छतेला. साध्या स्पीकरवर कधीच ऐकू न आलेली ॲम्प्लिफायरची सूं कर्ण्यावर सोळा डेसिबलने वर येते. पुढे कर्णे आणि मागे साधे खोके ठेवले, तर कर्ण्यांची पातळी तेवढीच खाली आणावी लागते. अनेक रिसीव्हरमध्ये ही सोय बारा डेसिबलवरच संपते, आणि मग जुळणी अडते. आखूड कर्ण्यांना खर्जासाठी वेगळा सबवूफर लागतो, कारण ढोलकीची धूम अशा कर्ण्याला तेव्हाही पेलत नव्हती.

मंडपवाले जुने मशीन घेताना वॅटचा आकडा नंतर पाहत. आधी मशीन सुरू करायचे, माइक जोडायचा नाही, आवाजाची कळ अर्ध्यावर न्यायची आणि कर्ण्याच्या तोंडाला कान लावून काही क्षण गप्प उभे राहायचे.